चौथाई गोळी

समोरच्या खिडकीतल्या माणसाबद्दल मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं त्यांच्या सख्ख्या लेकीलाही नसेल. यात माझा काय दोष? त्यांच्या आणि माझ्या इमारतीमधली बोळ इतकी अरुंद, की त्यांच्याकडे दूध उतू जायला लागलं की मी इकडून "गॅस! गॅस!" म्हणून ओरडते. माझं शिलाई मशीन खिडकीपाशी. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, बिघडलेल्या चेनी बदलायच्या, वाढलेल्या पोटांसाठी कमरा सैल करायच्या. हात कामात, डोळे मोकळे. मोकळे डोळे कुठेतरी जाणारच.

त्यांना सगळे ग्रॅमकाका म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि त्यांच्या तोंडावर वापरलं. ते रागावले नाहीत. "बाई, निदान मिलिग्रॅम तरी म्हणायचं होतं," एवढंच म्हणाले.

चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. त्यांच्याच इमारतीच्या खाली कोपऱ्यावर दुकान होतं. वाण्याचा काटा, भंगारवाल्याचा जमिनीवरचा मोठा काटा, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा, पोस्टाचा, प्रसूतिगृहातला बाळं तोलायचा. या गल्लीतली निम्मी पोरं जन्माला आल्याबरोबर ज्या काट्यावर टॅहँ टॅहँ करत पडली, त्याची स्प्रिंग काकांनी बदललेली. वर्षातून एकदा सरकारी माणूस वजनांवर शिक्का मारायला यायचा, तो आधी काकांकडे चहा प्यायचा आणि म्हणायचा, "तुम्ही तपासलंय ना? मग मी नुसता ठोकतो." दुकान बंद केलं तेव्हा काकांनी सोनाराचा काटा आणि पितळी वजनांची लाकडी पेटी तेवढी घरी आणली. वजनं अजून चिमट्यानेच उचलतात. बोटांचा घाम लागला तर वजन बदलतं म्हणे.

"माणूस खोटं बोलतो," ते सांगायचे, "काटा फक्त बिघडतो." बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू घरी पुन्हा तोलायची. भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की पारड्यात दोन टोमॅटो आपणहून जास्तीचे टाकायचा, आणि काका ते दोन टोमॅटो परत द्यायला पुन्हा बाजारात जायचे. अशा माणसाशी काकूंनी एकतीस वर्षं संसार केला. काकू मला म्हणायच्या, "अगं, मी मीठ टाकते तेव्हा हे स्वयंपाकघरात नसलेले बरे. चिमूटभर म्हणजे किती, यावर भांडण होतं."

पासंग त्या दोघांकडे आला तो दुकानातूनच. कुठल्याशा गोदामातला काटा दुरुस्तीला आला होता, त्याच्या खोक्यातल्या पेंढ्यात हे पिल्लू झोपलेलं. गोदामवाले म्हणाले, आमचं नाही. काका म्हणाले, पावतीवरही नाही. मग त्याला पारड्यात बसवून तोललं. तराजूचं एक पारडं जरा हलकं असलं की दांडी सरळ राहावी म्हणून त्या बाजूला एक बारकासा तुकडा लावतात, त्याला पासंग म्हणतात. तेच नाव पडलं. कान एक उभा, एक पडलेला, रंग चहात दूध कमी पडल्यासारखा. दर रविवारी सकाळी त्याचं वजन व्हायचं आणि दाराच्या मागे पेन्सिलीने लिहिलं जायचं. लेकीची उंची जिथे लिहिलेली होती, त्याच्याच शेजारी.

नऊ वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर त्या खिडकीतून दोन प्रकारचे आवाज यायचे. एक काकांचा, पासंगाशी बोलणारा. "आज काय, पडलेला कान खाजतोय? बघू. काही नाही. उगीच नाटकं." मी काही मुद्दाम ऐकत नव्हते. कानाला झाकण नसतं, त्याला मी काय करू? दुसरा आवाज रविवारचा, लेकीच्या फोनचा. काकांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, आणि म्हणून अख्ख्या बोळीला पाठ.

"बाबा, एकटे किती दिवस राहणार? या ना इकडे."

"येतो की. पण याचं काय?"

"आमच्या इमारतीत कुत्रा चालत नाही, तुम्हाला माहितीये. पासंगाचं एकदा... म्हणजे, तो गेला की या."

"हो. तो गेला की येतो."

तो गेला की. ऐकणाऱ्याला वाटावं, कुत्रा गावाला निघालाय. पण काकांना लेकीकडे जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. फोन ठेवला की ते पासंगाच्या डोक्यावर हात ठेवून बसायचे, आणि म्हणायचे, "घाई करू नकोस."

पासंग चौदा वर्षांचा झाला. मागचे पाय धरायला लागले. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या तळाशी पासंग बसून राहायचा आणि काका त्याला उचलून वर न्यायचे. काकांचे गुडघेही काही विशीतले नव्हते. त्यांना डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली होती, ती घेतली की दिवसभर चालता यायचं. मी खिडकीतून म्हणायचे, "काका, तुम्ही त्याला उचलता, तुम्हाला कोण उचलणार?"

"मला तोलायला लागेल इतका मोठा काटा तुमच्याकडे नाही, बाई."

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी पासंगाला उठताच येईना. पुढचे पाय उभे, मागचं धड जमिनीला. मी पाहिलं, काका त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवे बसले होते. मग दोन-तीन दिवसांत काय जादू झाली कोण जाणे, कुत्रा चक्क जिने चढायला लागला! हळूहळू, वाकडातिकडा, पण स्वतःच्या पायांनी. मी विचारलं, "काय खाऊ घालता त्याला? मलाही द्या, माझी पाठ धरलीये." काका मिशीतल्या मिशीत हसले. तो महिना त्या घरात बरा गेला. काका पुन्हा गुणगुणायला लागले होते, आणि त्यांचा आवाज ऐकून माझ्या मशीनचा पट्टा दोनदा निसटला.

मग पासंगाने खाणं टाकलं.

आधी सकाळचं टाकलं, मग दोन्ही वेळचं. पाणी मात्र भांडंच्या भांडं प्यायचा. पिवळी उलटी केली. बोळीतल्या शहाण्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. माझ्या खालची शिकवणीवाली म्हणाली, नजर लागली. इस्त्रीवाला म्हणाला, म्हातारपण आहे, माझ्या सासऱ्याचंही असंच झालं होतं. सासरा त्याच्याच शेजारी उभा होता, त्याने जावयाकडे असं बघितलं की इस्त्रीची गरज पडू नये. मी एवढंच केलं की काकांच्या घरी गेले, पासंगाचा ओठ वर केला आणि हिरडी पाहिली. पिवळट. डोळ्यांतला पांढरा भागही पिवळट.

"काका, टॅक्सी बोलावते."

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर एक मांजर टोपलीत, एक पोपट पिंजऱ्यात आणि एक गृहस्थ, ज्यांना त्यांचाच कुत्रा चावला होता. मी त्या गृहस्थांची चौकशी करणार तोच आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण, केस घट्ट बांधलेले, बोलणं आखूड. पासंगाचं पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, आणि आम्हाला तासभर बसवून ठेवून कागद घेऊन आल्या.

"लिव्हर. आकडे बरेच वाढलेत."

"म्हणजे किती?" काकांनी लगेच विचारलं. बाईंनी आकडे सांगितले, असायला हवे ते आणि आहेत ते. काकांनी ते ओठांनी पुन्हा म्हटले.

"लिव्हर मुकाट्याने काम करत राहतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त थकेपर्यंत कुरकुर करत नाही."

"आमच्यात अशाला गुणी सून म्हणतात," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे का याला?"

"नाही," काका म्हणाले.

"काही चुकून खाल्लं? उंदराचं औषध, रंग, कुजलेलं काही?"

"माझ्या घरात चुकून काही खाल्लं जात नाही."

मग त्यांनी सांगितलं, आणि काकांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी. मऊ भात, उकडलेला भोपळा, अंड्याचा पांढरा भाग, अधूनमधून कातडी काढून उकडलेली कोंबडी. तळलेलं नाही, चरबी नाही, बिस्किटं नाहीत, मीठ नाही. सकाळी रिकाम्या पोटी लिव्हरला आधार देणारी एक गोळी, तपकिरी. स्वच्छ पाणी कायम समोर. थकेल इतकं चालवायचं नाही. "लिव्हरची एक गोष्ट चांगली असते," त्या म्हणाल्या, "त्रास थांबला, तर ते स्वतःला पुन्हा भरून काढतं. म्हाताऱ्याचंही. थोडं हळू, पण काढतं. पंधरा दिवसांनी या."

तसले पंधरा दिवस मी दुसऱ्या कोणाच्या घरात पाहिले नाहीत. काकांनी दारावर तक्ता लावला. भात इतके ग्रॅम, भोपळा इतके, पांढरं इतकं. शिजवायच्या आधी एकदा तोलायचं, शिजवल्यावर पुन्हा. उरलेलं उचलायचं आणि तेही तोलायचं, म्हणजे पोटात नक्की किती गेलं ते कळतं. पासंग वाटीकडे बघून मान फिरवायचा. मग काकांनी स्वतःसाठीही तेच वाढून घेतलं. बिनमिठाचा भात, बिनमिठाचा भोपळा. फरशीवर त्याच्यासमोर बसून जेवायचे. "हे बघ, मी खातोय. वाईट नाही. छान आहे." तोंड मात्र असं करायचे की पासंगाच्या जागी मी असते तर मीसुद्धा खाल्लं नसतं. पण पासंग त्यांच्याकडे बघत बघत दोन घास घ्यायचा. दिवसातून पाच वेळा काकांचं जेवण. खरं तर पाचही वेळा उपासच.

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. आकडे खाली यायच्या ऐवजी वर गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. "पुन्हा दहा दिवसांनी तपासू. मग पोटाची सोनोग्राफी. वय बघता, काका, मन थोडं घट्ट करा."

घरी आल्यावर त्यांनी लाकडी पेटी काढली आणि सोनाराच्या काट्यावर एकेक पितळी वजन चढवून काटा तपासायला बसले. संध्याकाळपर्यंत तपासत होते. मी मशीन थांबवून विचारलं, "काय निघालं?"

"काटा बरोबर आहे."

"मग?"

"मग माझंच काहीतरी चुकतंय."

मी मशीन पुन्हा सुरू केलं, पण दोरा ओवायचा राहूनच गेला होता. त्या रविवारी लेकीचा फोन आला तर काकांनी तो स्पीकरवर लावलाच नाही. कानाला घट्ट दाबून ऐकत होते. मला फक्त त्यांचं बोलणं ऐकू आलं. "हं... हं... नाही, अजून आहे... हो, खोली मोकळी ठेव... बघू." खोली मोकळी ठेव, असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. मी हातातल्या पँटीचा एक पाय दोन इंच जास्तच आखूड केला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी त्यांना काट्यापाशी पाहिलं. चिमट्यात एक पांढरी गोळी. ब्लेडने तिचा कण कण खरवडत होते, पारड्यात ठेवत होते, पुन्हा खरवडत होते. तोंडाचा चंबू केलेला. मला वाटलं, पासंगाची लिव्हरची गोळी असेल. खिडकीतून हाक मारली, "काका, सोनाराचा धंदा सुरू केला का? माझ्या कानातले तोलून द्या!"

"याचे पाय," ते मान वर न करता म्हणाले. "चौथाई."

मी हसले आणि विसरून गेले.

दहा दिवसांनी पुन्हा दवाखाना. पासंग आता उचलूनच न्यावा लागत होता. टेबलावर तो आडवा पडला आणि त्याने हनुवटी काकांच्या मनगटावर ठेवली. डॉक्टरीणबाई सुई लावत होत्या. शांतता इतकी की माझा जीव गुदमरायला लागला, आणि जीव गुदमरला की माझं तोंड सुटतं.

"बाई, यांची काळजी तुम्ही करूच नका," मी म्हटलं. "यांच्याइतकी सेवा कोणी करेल? गोळीसुद्धा सोनाराच्या काट्यावर ब्लेडने खरवडून देतात. चौथाई म्हणजे चौथाई, एक कण इकडे नाही की तिकडे."

बाई सुईवरच थांबल्या. "कुठली गोळी? मी दिलेली तर अख्खी द्यायचीये."

"ती अख्खीच देतो," काका म्हणाले. "ही वेगळी. पायांची."

"कोणाच्या पायांची?"

"माझ्या." काकांनी अगदी सरळ सांगितलं, गिऱ्हाइकाला काटा समजावून सांगावा तसं. "माझं वजन बहात्तर किलो. याचं अठरा. बहात्तराचा चौथा हिस्सा अठरा. म्हणून चौथाई गोळी. मी अंदाजाने तोडत नाही. तोलून देतो. त्याने चांगला फरक पडला होता, जिने चढायला लागला होता."

"कधीपासून देताय?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. रोज."

डॉक्टरीणबाईंनी रक्ताची नळी बाजूला ठेवली. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"काका, कुत्रा म्हणजे माणसाचा चौथा हिस्सा नसतो. तुमच्या शरीरातून ती गोळी काही तासांत निघून जाते. त्याच्या शरीरातून लवकर निघत नाही, साचत जाते. रोज थोडी थोडी. पोटाला, लिव्हरला, किडनीला. वजनाचा यात प्रश्नच येत नाही. मी पहिल्याच दिवशी खोदून विचारायला हवं होतं, हे माझंही चुकलं. आज, या क्षणापासून बंद."

काकांनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. पासंगाची हनुवटी त्यांच्या मनगटावर तशीच होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ चहाड्या केल्या, मजेमजेत केल्या. अशी चहाडी कधी केली नव्हती, जिच्यामुळे एखादा जीव वाचेल आणि दुसरा मोडेल.

घरी आल्यावर समोरची खिडकी बंद झाली. पडदाही ओढला. नऊ वर्षांत तो पडदा मी पाहिलाच नव्हता. निळ्या चौकड्यांचा होता, काकूंनी माझ्याचकडून शिवून घेतलेला, आणि मीच ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका. एका हातात पासंगाचं अंथरूण, दुसऱ्या हातात तक्ता, दारावरून सोडवलेला, चिकटपट्टीसकट. पासंग त्यांच्या मागे, आधी उचलून वर आणून ठेवलेला, आता एकेक पाऊल मोजून टाकत.

"बाई, याला तुम्ही ठेवा."

"काय?"

"यात सगळं लिहिलंय. गोळी रिकाम्या पोटी. पाच वेळा खाणं. तुम्ही द्या. माझ्या हातून याला काही देणं बरं नाही." आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाले, "मी लेकीला सांगतो, खोली तयार ठेव."

"काका, वेड लागलंय का तुम्हाला?"

"चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या." त्यांनी तक्ता माझ्या मशीनवर ठेवला, कडा टेबलाच्या कडेला समांतर करून. "आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने याला..." वळले आणि गेले. बोळ ओलांडून समोरच्या जिन्याने त्यांची पावलं वर चढताना ऐकू आली, मध्ये दोनदा थांबली.

मी पासंगाला अंथरूण घातलं. तो त्यावर बसला नाही. दाराकडे तोंड करून फरशीवर बसला. मी भात तोलला, भोपळा तोलला, पांढरं तोललं. काकांसारखं नाही, पण तोललं. वाटी समोर ठेवली. बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "अरे, काकांच्या हातचं नाही, पण माझ्या हातचं तरी खा." गाणं म्हटलं. फरशीवर बसून मीही तो भात खाल्ला, आणि देवाशप्पथ, तो भात कोणीच खाऊ नये असा होता. पाचही वेळा वाटी भरलेलीच उचलली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच. पाणी प्यायला, पुन्हा दाराकडे तोंड.

तेव्हा मी उठले, पासंगाला उचललं. अठरा किलो आता पंधराच होते, तरी दुसऱ्या मजल्यावर चढताना माझा जीव नाकाशी आला. काकांचं दार कोपराने ठोकलं.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. मागे खोलीत एक बॅग उघडी, त्यात दोन शर्ट.

"हा खात नाही," मी धापा टाकत म्हटलं. "काल सकाळपासून काही नाही. कालचं आणि आजचं मिळून शून्य. लिहून घ्या तुमच्या वहीत."

"तुम्ही प्रेमाने..."

"प्रेमाने, रागाने, गाऊन, लोळून, सगळं करून झालं! दाराकडे बघत बसतो. लिव्हर आधीच थकलंय, त्यात उपास, आता याचं काय होणार ते तुम्ही मला तोलून सांगा. तुमच्या हातून देणं बरं नाही, मान्य. पण माझ्या हातून हा घेतच नाही. मग कुठल्या हातून देऊ? तिसरा हात आणू कुठून?"

काका दारात उभेच. पासंगाने माझ्या हातातून अंग वळवलं आणि मला सोडावंच लागलं. तो काकांच्या पायांपर्यंत चालत गेला आणि त्यांच्या नडगीला अख्खं अंग टेकवून उभा राहिला. त्याचं मागचं धड थरथरत होतं. काकांनी खाली पाहिलं. मग त्यांनी हात पुसले, शर्टाला, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा, जणू काही चिकटून बसलंय आणि निघत नाहीये.

"बसा," मी म्हटलं. "मी वाटी आणते."

मी दोन जिने उतरून चढून वाटी आणली तोवर ते फरशीवर बसले होते. त्यांनी भाताचा गोळा केला. हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "यात काही नाही ना?"

"भात, भोपळा, पांढरं. माझ्यासमोर. मी साक्षीदार."

पासंगाने तो घास त्यांच्या बोटांतून उचलला. मग दुसरा. चौथ्या घासाला काकांचं नाक वाहायला लागलं आणि त्यांनी ते बाहीने पुसलं. इतक्या टापटिपीचा माणूस. मी खिडकीकडे गेले आणि उगीचच तो निळा पडदा सरकवायला लागले.

त्यानंतरच्या तपासणीचे आकडे फोनवर आले. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. आकडे निम्म्यावर आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे. पण खोटी आशा देत नाही. पंधराव्या वर्षात आहे. काही महिने, कदाचित वर्ष. सांभाळून." मी काकांना सगळं सांगितलं, महिनेसुद्धा. त्यांनी नळ बंद केला, म्हणाले, "वर्ष पुष्कळ झालं." पुढच्या रविवारी लेकीला स्पीकरवर सांगितलं, "खोलीत दुसरं काही ठेवायचं असेल तर ठेव." आणि मग, बोळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "त्याला मीच आजारी पाडलं होतं गं." लेक एवढंच म्हणाली, "बाबा, मी आठवडाभर येऊ का?" ती आली, गेली. घर पुन्हा दोघांचं झालं.

पायांचं दुखणं मात्र राहिलंच. गोळी नाही म्हटल्यावर दुसरा उपाय डॉक्टरीणबाईंनी दाखवला. घसरू नये म्हणून फरशीवर सतरंजी टाकायची, आणि रोज सकाळी गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने मागचे पाय शेकायचे, वीस मिनिटं, मग हलक्या हाताने चोळायचे. काका ते करतात. खाली बसून. तेवढं बसलं की त्यांचे गुडघे आखडतात, कारण त्यांनी स्वतःची गोळीही बंद केलीये. "त्याला चालत नाही, मग मला कशाला?" मी डोक्याला हात लावला. हा माणूस मूर्ख आहे हे मी सगळ्या बोळीला सांगितलंय आणि त्यांच्या डॉक्टरांनाही सांगणार आहे.

तर आता रोज सकाळी सव्वाआठच्या सुमाराला समोरून हाक येते. नऊ वर्षांत त्यांनी कोणाला हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"बाई! जरा उठवा."

मी सुई कापडात तशीच खुपसते, बोळ ओलांडते, दोन जिने चढते. काका भिंतीला टेकून बसलेले असतात, पाय लांब केलेले, ओलं कापड मांडीवर, पासंगाचं डोकं त्यांच्या गुडघ्यावर. मी दोन्ही हात पुढे करते.

आज त्यांनी हात दिलाच नाही. ओठावर बोट ठेवलं.

"थांबा थोडं. त्याचा आत्ताच डोळा लागलाय."

"आणि माझ्या गिऱ्हाइकाची पँट?"

"हळू बोला, बाई."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. पासंगाचं पोट वर खाली होत होतं, हळू, मध्ये जरा थांबत. प्रत्येक वेळी ते थांबलं की काकाही थांबायचे, आणि मीही.